नवा पासपोर्ट, जुनी उत्तरं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी मूळची नाशिकची. नवरा आणि आठ वर्षांच्या मुलीसह स्टुटगार्टजवळ राहते. गेल्या वर्षी मी आणि मुलीनं जर्मन नागरिकत्व घेतलं, नवऱ्यानं भारतीय पासपोर्ट ठेवला आहे. जूनमध्ये लंडनला मावसबहिणीकडे मुंज आहे आणि ऑक्टोबरात न्यू जर्सीला भावाच्या नव्या घराची वास्तुशांत. जर्मन पासपोर्ट हातात आला की बॅग उचलायची आणि निघायचं, असं सगळे सांगत होते. आता कळतंय की लंडनला ईटीए लागतं, अमेरिकेला एस्टा, म्हणजे व्हिसा लागत नसला तरी निघण्याआधी ऑनलाइन काढायची परवानगी. गुगलवर पहिल्या दिसलेल्या साइटनं ईटीएचे 89 युरो मागितले. मग एवढं सोडून मिळवलं काय, असं वाटायला लागलं आहे. भारतीय पासपोर्ट अजून कपाटात आहे, 2029 पर्यंत चालू आहे. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) काढलेलं नाही. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणते, दिवाळीला त्याच पासपोर्टवर जाऊन ये, कोण बघतंय. आणि शेवटचं: 2010 मध्ये मुंबईत माझा अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता. एस्टाच्या अर्जात तसं विचारतात. नवरा म्हणतो, तो पासपोर्ट गेला, ती गोष्टही गेली, 'नाही' लिही. काय करू?

ताई,

तुम्ही शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं जे विचारलंय, त्यासाठीच हे पत्र लिहिलंय असं मला वाटतं. बाकीच्या अडचणी पैशांच्या आणि वेळेच्या आहेत, त्या सुटतील. ही एक मात्र हातून चुकली तर सुटायची नाही. म्हणून आधी तिचं बोलू.

'नाही' लिहू नका.

तुमच्या यजमानांचा मुद्दा असा की जुना पासपोर्ट संपला, नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा, देश वेगळा, तेव्हा जुनं काही दिसणार नाही. हा युक्तिवाद अमेरिकेच्या अधिकाऱ्यांना काही नवा नाही. एस्टाच्या अर्जातला तो प्रश्न नीट वाचा. सध्याच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर मागितलेला व्हिसा कधी नाकारला गेला आहे का, असं त्यात स्पष्ट विचारलंय. म्हणजे पासपोर्ट बदललेला माणूस समोर येईल हे धरूनच तो प्रश्न लिहिलेला आहे. आणि 2010 मध्ये तुम्ही ब्रीच कँडीच्या त्या जुन्या वकिलातीत मुलाखतीला गेलात (बीकेसीची नवी इमारत त्यानंतरच्या वर्षी सुरू झाली), त्या अर्जासाठी तुमच्या दहाही बोटांचे ठसे घेतले असणार. ऑक्टोबरात नेवार्कला उतरलात की तिथला अधिकारी पुन्हा ठसे घेऊ शकतो. पासपोर्टचा रंग निळ्याचा लाल झाला तरी बोटं तीच.

नाकारलेला व्हिसा हा गुन्हा नाही. त्याबद्दल खोटं लिहिणं मात्र अमेरिकेच्या कायद्यात फार महाग पडतं. प्रवेश मिळवण्यासाठी जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट लपवली असं ठरलं, तर त्या देशाचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. मग भावाकडे जायचं तर आधी सूट मिळवा, मग व्हिसा, असा प्रकार सुरू होतो. शिवाय एस्टावर जाणारा माणूस एक हक्क आधीच सोडून देतो, तो म्हणजे विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं परत पाठवलं तर त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा. अर्ज भरताना ती अट आपण मान्य करतो आणि बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात. अशा रस्त्यानं जाताना खोट्या उत्तराचं ओझं बरोबर नेऊ नये.

आता तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं. 'होय' लिहिलं की अर्ज बादच होतो, असं त्या सांगतात. तसं नाही. 'होय' लिहिलं की कधी आणि कुठे हे विचारतात, आणि मग अर्ज तपासला जातो. कधी मंजूर होतो, कधी होत नाही. तुमचं काय होईल याचा अंदाज मी बांधणार नाही. पण 2010 मध्ये काय झालं होतं, हे एकदा शांतपणे पाहायला हवं, कारण ती जुनी गोष्ट तुम्ही अंगाला लागलेल्या डागासारखी लिहिली आहे. तुमच्या पत्रातल्या तपशिलावरून तो नकार कलम 214(ब) खाली होता. या कलमाचा साधा अर्थ असा की पर्यटक व्हिसा मागणारा माणूस अमेरिकेत राहायलाच निघाला आहे, असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं. तुम्ही तेव्हा नुकतंच शिक्षण संपवलेलं होतं, नोकरी नव्हती, लग्न व्हायचं होतं आणि भाऊ तिकडे. खिडकीपलीकडच्या माणसाला दोन मिनिटांत पटलं नाही. त्या वर्षांत मुंबईतून असे नकार घेऊन कितीतरी धडधाकट, प्रामाणिक मुलं-मुली बाहेर पडली. तुमच्या स्वभावाबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नाही. आणि आज तुमची नोकरी, घर, मुलीची शाळा सगळं जर्मनीत आहे. परत येण्याची कारणं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

म्हणून माझं सांगणं असं: तिकीट काढायच्या आधी एस्टाचा अर्ज करा, आणि तो ऑक्टोबरसाठी सप्टेंबरात नाही, आत्ताच करा. उड्डाणाच्या 72 तास आधी करा असा सरकारी सल्ला असतो, पण तो ज्यांच्या अर्जात काही गुंता नाही त्यांच्यासाठी. मंजूर झालेलं एस्टा साधारण दोन वर्षं चालतं, त्यामुळे लवकर केल्यानं काही वाया जात नाही. 30 सप्टेंबर 2025 पासून त्याचं शुल्क 21 डॉलरवरून 40 डॉलर झालं. तेवढं आधी गुंतवून उत्तर कळणं, हजार युरोचं तिकीट काढून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा बरं. नकार आला, तर रीतसर पर्यटक व्हिसाचा रस्ता उघडा आहेच. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा बर्लिनला मुलाखत, 185 डॉलर शुल्क. मुलाखतीची तारीख लांबची मिळू शकते, आणि तसं झालं तर वास्तुशांत तुमच्याशिवाय होईल. वाईट वाटेल. पण भावाचं घर ऑक्टोबरनंतरही तिथेच असणार आहे.

त्याच अर्जातल्या आणखी दोन प्रश्नांवर तुमच्यासारखे बरेच जण अडतात, म्हणून ते इथेच सांगते. पहिला, तुम्ही सध्या दुसऱ्या कुठल्या देशाचे नागरिक आहात का. याचं उत्तर 'नाही'. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 नुसार, स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. जर्मनीनं 27 जून 2024 पासून जुनं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली, पण ती जर्मनीच्या बाजूची. तुर्कीहून आलेल्या तुमच्या सहकाऱ्यांना तिचा उपयोग झाला, आपल्याला नाही. आणि उद्या ओसीआय कार्ड आलं तरी हे उत्तर बदलत नाही, कारण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. दुसरा प्रश्न, पूर्वी कधी दुसऱ्या देशाचे नागरिक होतात का. इथे 'होय', भारत. मग दुसऱ्या देशानं दिलेला पासपोर्ट कधी होता का, त्याचा नंबर काय, कधीपर्यंतचा होता, हेही विचारतात. म्हणून भारतीय पासपोर्ट जमा करण्यापूर्वी त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्कॅन जपून ठेवा. तो आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या अर्जात लागत राहतो. ज्यांनी पासपोर्ट जमा केला आणि नंबरही विसरले, त्यांची धावपळ मी पाहिली आहे.

आणखी एक, तुम्हाला लागू नाही पण इतरांना असेल. 1 मार्च 2011 नंतर इराक, इराण, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन यांपैकी कुठे कामानिमित्त किंवा फिरायला गेला असाल, तर जर्मन पासपोर्ट असूनही सहसा एस्टा मिळत नाही, थेट व्हिसा घ्यावा लागतो. उत्तर कोरियाचंही तसंच. क्युबासाठी ही तारीख 12 जानेवारी 2021 आहे, आणि जर्मन लोक सुट्टीला हौसेनं क्युबाला जातात. जर्मन कंपनीतर्फे बसऱ्याच्या साइटवर काही महिने काढलेल्या मराठी इंजिनिअरला हे तिकीट काढल्यावर कळलं, तर पंचाईत होते.

आता लंडन.

इथे काळजीचं कारण फारसं नाही, पण तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे जी तपासायला हवी. तिघांनी एकत्र निघायचं तर तिघांचा कागद एकच असेल, असं तुमच्या पत्रात दिसतं. तुमच्या घरात आता दोन प्रकारचे पासपोर्ट आहेत, त्यामुळे रांगाही दोन. तुम्हाला आणि मुलीला ईटीए. युरोपीय नागरिकांना ते 2 एप्रिल 2025 पासून लागू झालं. आधी 10 पौंड होतं, आठवड्याभरातच 16 झालं, पुढे 20 करायचं सरकारनं जाहीर केलं. अर्ज कराल त्या दिवशी सरकारी पानावर जो आकडा असेल तो धरा. मोबाइलवरच्या त्यांच्या ॲपवर पासपोर्टचा फोटो, तुमचा चेहरा, नोकरी, इतर नागरिकत्व आणि गुन्ह्यांबद्दलचे काही प्रश्न, एवढंच. उत्तर बहुधा लवकर येतं, पण तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवा. दोन वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर ते चालतं, आणि दर खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मुलीचं वेगळं काढावं लागेल. पाळण्यातल्या बाळालाही वेगळंच लागतं.

यजमानांना मात्र ईटीए मिळणारच नाही, कारण भारतीय पासपोर्ट त्या यादीत नाही. त्यांना पूर्वीसारखा व्हिसाच घ्यायचाय: सव्वाशे पौंडांच्या वर खर्च, बायोमेट्रिकसाठी केंद्रावर फेरी, बँकेचे कागद आणि सहसा तीन आठवडे. जर्मनीची निडरलासुंग, म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे, बायको जर्मन आहे, याचा ब्रेक्झिटनंतर लंडनच्या व्हिसाला थेट उपयोग नाही. तेव्हा मुंजीची तारीख पक्की असेल तर आधी त्यांचा अर्ज, मग तुमचा. आपल्याकडे घरातल्या बाईचं काम शेवटी राहतं, इथे योगायोगानं ते सोयीचंही आहे. त्यांचा व्हिसा वेळेत आला नाही तर मुलीला घेऊन तुम्ही पुढे जा. एकटी आई मुलाला घेऊन जाते तेव्हा सीमेवर विचारू शकतात, म्हणून वडिलांचं संमतीपत्र आणि मुलीचा जन्मदाखला जवळ ठेवा.

आणि हो, ईटीए काढायचं विसरलो तरी लंडनला उतरून बघू, असं कोणी सांगेल तर ऐकू नका. 25 फेब्रुवारी 2026 पासून विमान कंपन्यांनी हे काटेकोरपणे तपासायचं ठरलंय. परवानगी पासपोर्टच्या नंबराला जोडलेली असते आणि चेक-इनच्या वेळीच दिसते. नसेल तर स्टुटगार्टच्या विमानतळावरूनच घरी. पूर्वी जर्मन लोक खिशातलं ओळखपत्र दाखवून लंडनला जाऊन यायचे. ते ऑक्टोबर 2021 पासूनच बंद झालंय. तुमच्या ऑफिसमधल्या जुन्या जर्मन मंडळींना विचारलंत तर त्यांच्यातलेही निम्मे यावर कुरकुरताना सापडतील.

त्या कुरकुरीवरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. एवढं सोडून मिळवलं काय?

हा प्रश्न मी हलका मानत नाही. पासपोर्ट जमा करताना मनात जे हलतं ते कुठल्या ईटीएनं भरून निघणार नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण तुम्ही ज्या आशेवर तो बदलला, ती आशा कोणी दाखवली ते पाहा. बॅग उचलायची आणि निघायचं, हे वर्णन साधारण 2008 पर्यंतच्या जगाचं आहे. अमेरिकेनं 12 जानेवारी 2009 पासून एस्टा सक्तीचं केलं. कॅनडाचं ईटीए 2016 मध्ये आलं, न्यूझीलंडचं 2019 मध्ये, इस्रायलचं 1 जानेवारी 2025 ला, मग ब्रिटन. ऑस्ट्रेलियाला जायचं तरी जर्मन माणसाला ई-व्हिजिटर काढावं लागतं, फुकट असलं तरी अर्ज आहेच. केनियानं तर 2024 च्या सुरुवातीला व्हिसा रद्द केल्याचं जाहीर केलं आणि त्याच दमात ऑनलाइन परवानगी सक्तीची केली. युरोपसुद्धा या रांगेत आहे. ज्यांना शेंगेन गटातल्या युरोपीय देशांत यायला व्हिसा लागत नाही अशा अमेरिकी, ब्रिटिश, जपानी पाहुण्यांसाठी एटिआस नावाची परवानगी येऊ घातली आहे, 20 युरोची. (ती तुम्हाला लागणार नाही, कारण तुम्ही युरोपीय नागरिक. यजमानांनाही नाही, कारण त्यांच्याकडे जर्मनीचा रहिवासी परवाना आहे. ग्रुपवर यावर जी घबराट चालली आहे ती सोडून द्या.)

म्हणजे हा अर्ज तुम्ही आधी भारतीय होतात म्हणून तुमच्यापुढे आलेला नाही. श्वाबियात, म्हणजे तुमच्याच भागात, सात पिढ्या राहिलेल्या तुमच्या शेजारणीलाही तो भरावा लागतो. फरक एवढाच की पूर्वी कुठले नागरिक होतात, हे विचारल्यावर तिचं उत्तर एका शब्दात संपतं आणि तुमचं संपत नाही. तो प्रश्न टोचतो, हे मला कळतं. तो आपल्याला जाणूनबुजून टोचण्यासाठी ठेवलाय असं मात्र मला वाटत नाही.

आणि तुमच्या घरातच तुलना उपलब्ध आहे. एकाच मुंजीसाठी तुमचा ॲपवर अर्धा तास जाईल आणि यजमानांचा महिना. जर्मन पासपोर्टनं मिळतं ते एवढंच, आणि ते पुष्कळ आहे. पण हमी त्यातही नाही. ईटीए किंवा एस्टा म्हणजे विमानात बसायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. मार्च 2025 मध्ये काही जर्मन नागरिकांना अमेरिकेत अडवून ताब्यात घेतल्यावर जर्मनीच्या परराष्ट्र खात्यानं आपल्या प्रवास सूचनेत हेच ठळकपणे लिहिलं. तेव्हा परतीचं तिकीट, भावाचा पत्ता, नोकरीचं पत्र जवळ असू द्या. आणि न्यू जर्सीत असताना भावाच्या दुकानात दोन दिवस गल्ल्यावर बसले, असं गमतीतही म्हणू नका. पाहुण्यानं तिथे काम करायचं नसतं, मग ते पगाराविना का असेना.

यजमानांनी भारतीय पासपोर्ट ठेवला याबद्दल तुम्ही काहीशा नाराजीनं लिहिलंय. त्यांचं कारण गावाकडची शेती आहे, असं तुम्ही म्हणता. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून दोन ओळी. परदेशात राहणारा भारतीय नागरिक असो की ओसीआयधारक, शेतजमीन विकत घेता येत नाही ती दोघांनाही. आणि वडिलांची जमीन वारशानं दोघांनाही मिळू शकते. तेव्हा शेती हे कारण वाटतं तेवढं भक्कम नाही. पण मतदानाचा हक्क, किंवा नुसतं मन होत नाही, ही कारणं पुरेशी आहेत आणि त्यांना तुमच्याकडून मान मिळायला हवा. त्यांनीही मग तुमच्या अर्जात काय लिहायचं हे तुमच्यावर सोडावं. सही तुमची आहे.

89 युरोवाली साइट. असल्या सगळ्याच साइट बेकायदा नसतात. त्या तुमच्या वतीनं तोच अर्ज भरतात आणि वरचे पैसे खिशात घालतात. खरी अडचण अशी की पासपोर्टचा स्कॅन, चेहरा, नोकरी, आई-वडिलांची नावं, हे सगळं एका अनोळखी दुकानात जातं. गुगलवर सर्वांत वर 'प्रायोजित' लिहून येतं ते सोडून द्या. ब्रिटनचा सरकारी पत्ता 'गव्ह डॉट यूके' असा असतो, अमेरिकेचा शेवट 'डॉट गव्ह'नं होतो, कॅनडाचा 'कॅनडा डॉट सीए'. जर्मन भाषेत छान सजवलेलं पान, घड्याळ उलटं चाललंय आणि 'फक्त आज' असं लिहिलंय, तर ते सरकारी नाही. कुठलंही सरकार अर्जदाराला इतक्या प्रेमानं घाई करत नाही.

अर्ज भरताना एक बारकावा फार जणांना फसवतो. जर्मन पासपोर्टच्या नंबरात इंग्रजी 'ओ' हे अक्षर कधीच नसतं. जे गोल दिसतं ते शून्य असतं. स्वरच मुळी वापरत नाहीत. 'ओ' टाइप केलंत तर परवानगी दुसऱ्याच, अस्तित्वात नसलेल्या पासपोर्टवर निघते आणि ते विमानतळावर कळतं. नावाचंही असंच. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, जर्मन कागदांवर ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं. तुमच्या मनातलं पूर्ण नाव लिहू नका. पासपोर्टच्या फोटोपानावर तळाशी बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यात जसं आहे तसंच लिहा. विमानाच्या तिकिटावरही तेच नाव.

मुलीच्या पासपोर्टबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. नागरिकत्व मिळाल्यावर ब्युर्गरआम्टमधून (नागरिकांच्या कागदपत्रांचं स्थानिक कार्यालय) तिचा साधा, चिप असलेला पासपोर्ट घेतला असेल तर प्रश्न नाही. मुलांचा स्वस्तातला वेगळा पासपोर्ट 1 जानेवारी 2024 पासून देणं बंद झालंय, पण ज्या घरांत जुना अजून चालू आहे त्यांनी लक्षात ठेवावं की त्यावर एस्टा मिळत नाही. घाईत काढलेल्या तात्पुरत्या पासपोर्टवरही नाही. आणि पासपोर्ट नवा झाला की त्यावरची सगळी परवानगी गेली असं समजून पुन्हा अर्ज करायचा, जुन्याची मुदत बाकी असली तरी. लहान मुलांचा पासपोर्ट सहाच वर्षांचा असतो, त्यामुळे हे त्यांच्या बाबतीत जास्त वेळा घडतं.

राहिलं कपाटातलं निळं पुस्तक. मैत्रिणीला सांगा, बघतंय. 2029 ही छापलेली तारीख आहे. तुम्ही ज्या दिवशी जर्मन झालात त्या दिवसापासून तो पासपोर्ट तुमच्यासाठी प्रवासाचा कागद राहिलेला नाही. तो वापरून मुंबईला उतरणं हा भारताच्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि पुढे ओसीआय मागताना हीच नोंद समोर येते. म्युनिकमधल्या भारताच्या वाणिज्य दूतावासाकडे (तुमचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य त्यांच्याकडे येतं) आधी पासपोर्ट रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, मग ओसीआयचा अर्ज करा. तुमचा आणि मुलीचा, दोघींचा. याला आठवडे लागतात, म्हणून दिवाळीला जायचं तर पाऊस पडायच्या आत सुरुवात करा. दरम्यान आईची तब्येत बिघडली आणि तातडीनं निघावं लागलं, तर जर्मन पासपोर्टवर ई-व्हिसाचा अर्ज करता येतो. त्या अर्जातही आधीचं नागरिकत्व विचारतात, आणि सध्याचं जन्मानं मिळालं की नंतर घेतलं हेही. तिथेही जे आहे ते लिहायचं. आपल्याच देशात जायला व्हिसा, हे पहिल्या खेपेला घशाशी येतं, ते मी नाकारत नाही. ओसीआय एकदा आलं की मात्र तो फॉर्म पुन्हा नाही.

या महिन्यात करायचं ते एवढं: यजमानांच्या लंडन व्हिसाची अपॉइंटमेंट, तुमचं एस्टा, म्युनिकचे कागद. ईटीए मेमध्ये काढलंत तरी चालेल. आणि न्यू जर्सीचं तिकीट शोधताना टोरोंटोमार्गे स्वस्त दिसलं तर ध्यानात असू द्या, तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी कॅनडाचं ईटीए लागतं. सात कॅनेडियन डॉलर, पाच वर्षं चालतं, मुलीचं वेगळं.